घाम न गाळणारे खेळाडू
लेखमाला : मैदानाचे कायदे, लेखांक ९

सुप्याच्या आसपास जत्रेत निकाली कुस्ती मारून आलेल्या पैलवानाला ‘तू खेळाडू आहेस का?’ असं कुणी विचारत नाही. त्याच गावातली दहावीची मुलगी कॅरमच्या जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र घेऊन आली, तर घरातलंच कुणीतरी म्हणतं, “बसून खेळायचं, त्यात कसला आलाय खेळ? टाइमपास नुसता.” आजोबा म्हणाले तर सोडून देता येतं. पण दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण आणि सरकारी नोकऱ्यांमधलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण असं सगळं त्या कागदावर उभं असतं, तेव्हा हा पारावरचा वाद राहत नाही. म्हणून या आठवड्यात तोच विषय घेऊ. ज्यात धाप लागत नाही, असा खेळ खेळणाऱ्याला खेळाडू म्हणायचं का?

आधी आजोबांची कसोटी तपासू. ती सरळ आहे : घाम आला तर खेळ. शरीर किती राबतं हे मोजायला शास्त्रज्ञांनी ‘मेट’ नावाचं माप केलं आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाची ऊर्जा म्हणजे एक मेट, आणि बाकी सगळं त्याच्या पटीत. वेगवेगळ्या कामांचे हे आकडे एकत्र करून एक मोठा तक्ता बनवला गेला. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत बुद्धिबळ आणि पत्ते दीड मेटवर आहेत, बिलियर्ड्स आणि उभ्याने केलेली पिस्तूल नेमबाजी अडीचवर, धनुर्विद्या ४.३ वर, कुस्ती सहावर. गंमत पुढे आहे. क्रिकेट आणि गोल्फ दोन्ही ४.८ वर! गोल्फला श्रीमंतांचा फेरफटका म्हणून हसणारे आपण क्रिकेटसाठी रस्ते ओस पाडतो.

त्याच तक्त्यात गवताच्या गाठी बांधणं, गोठा झाडून काढणं अशी जोरकस शेतीकामं ७.८ वर आहेत, म्हणजे कुस्तीच्याही वर. घाम हीच कसोटी धरली, तर सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांसाठी पहाटेपासून उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या जोड्यांना सगळ्यात आधी क्रीडा पुरस्कार द्यावे लागतील. त्यांच्या कष्टाची बरोबरी कुठल्या मैदानावर होत नाही, आणि तरी त्यांना खेळाडू म्हणणं आपल्याला सुचत नाही. याचा अर्थ कष्ट आणि खेळ यांचा हिशेब आपण मनातल्या मनात आधीच वेगळा ठेवलेला आहे. फक्त कॅरमवाली पोर समोर आली की आपण तो विसरतो.

आता नेमबाजीकडे येऊ, कारण खरी उकल तिथे आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतल्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं ते थेट ७२ वर्षांनी. एक पैलवान, दुसरा नेमबाज. खाशाबांच्या पदकावर ‘हा खेळ का?’ असा प्रश्न कधी आला नाही. स्वप्निलच्या वेळी मात्र ‘नुसतं उभं राहून चाप ओढायचा’ असं म्हणणारे मी स्वतः ऐकले आहेत.

नुसतं उभं राहणं म्हणजे काय, ते बघा. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून गोळ्या झाडायच्या असतात. प्राथमिक फेरीत प्रत्येक स्थितीत वीस, म्हणजे एकूण साठ. रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचं, रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याइतकं. इतक्या बारीक कामात हृदयाचा ठोकाही अडचण होतो, कारण प्रत्येक ठोक्याबरोबर नळी किंचित हलते. मुरलेला नेमबाज श्वास अर्धा सोडून थांबवतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत चाप दाबतो. अंतिम फेरीत, सगळं जग बघत असताना, छाती धडधडत असताना, त्याला हे पुन्हा पुन्हा करायचं असतं. पैलवान शरीराला पेटवतो, नेमबाज त्याला विझवतो. दोन्हीला वर्षानुवर्षांची मेहनत लागते, फक्त दिशा उलट्या.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा उत्तेजक द्रव्यांच्या यादीत सापडतो. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ‘बीटा ब्लॉकर’ गटातली औषधं नेमबाजी आणि धनुर्विद्येत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही बंद केली आहेत. बिलियर्ड्स, डार्ट्स आणि गोल्फमध्ये ती स्पर्धेपुरती बंद आहेत. रक्तदाबाच्या रुग्णांना डॉक्टर देतात तीच ही औषधं, ठोके मंद करणारी, हाताचा कंप घालवणारी. धावपटूने ती घेतली तर तो मागेच पडेल. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तूल नेमबाजाने एक रौप्य आणि एक कांस्य जिंकलं, आणि प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे दोन्ही पदकं गमावली. हृदय शांत करण्याची गोळी जिथे लबाडी ठरते, तिथे शरीराचा काही संबंध नाही असं कोण म्हणेल? तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवलं, साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी धनुर्विद्येत. माझ्या लेखी या दोघींबद्दलचा वाद इथेच मिटतो.

बुद्धिबळाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे बुद्धिबळप्रेमीच घोळ घालतात. ‘ग्रँडमास्टर दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतो’ हे वाक्य तुमच्याही मोबाइलवर आलं असेल. हिशेब करू. दीड मेट म्हणजे साठ किलोच्या खेळाडूला तासाला साधारण नव्वद कॅलरी. पाच तासांच्या डावात साडेचारशे. ताणामुळे त्यात थोडी भर धरली, तरी सहा हजारांच्या जवळपासही आपण जात नाही, तो आकडा सायकलवरून डोंगर चढणाऱ्यांचा आहे. १९८४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढत ४८ डावांनंतरही निकाल न लागता फेब्रुवारी १९८५ मध्ये थांबवावी लागली आणि कार्पोव्हचं वजन तोवर दहा किलोंच्या आसपास उतरल्याचं सांगतात. ते डोक्याच्या व्यायामाने नव्हे, अन्न आणि झोप उडाल्याने उतरलं असावं.

पण मग असली खोटी वकिली हवीच कशाला? बुद्धिबळाला घामाच्या दाखल्याची गरज नाही. देशाचा पहिला खेलरत्न पुरस्कार, १९९१-९२ चा, विश्वनाथन आनंदला मिळाला. दुसरा बिलियर्ड्सच्या गीत सेठींना. तेंडुलकरचा नंबर त्यानंतर काही वर्षांनी लागला. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९८० मध्येच अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या होत्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा राज्य सरकारने तीन कोटी देताना तिच्या नाडीचे ठोके मोजले नाहीत, आणि योग्यच केलं.

सगळ्यात अवघड जागा पत्त्यांच्या ब्रिजची. इंग्लंडच्या ब्रिज संघटनेने स्पर्धेच्या प्रवेशशुल्कावरचा कर माफ व्हावा म्हणून ‘आमचाही खेळच’ असा दावा लावला होता. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तो फेटाळला : स्मरण, तर्क, आखणी सगळं मान्य, पण शारीरिक भाग नगण्य. वर्षही पुरतं उलटलं नाही तोच जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजमध्ये भारताने सुवर्ण मिळवलं. प्रणब बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते, जोडीदार शिबनाथ सरकार छप्पन्नचे. पुढच्याच वर्षी जगातल्या अव्वल ब्रिजपटूवर, गेइर हेल्गेमोवर, चक्क उत्तेजक चाचणीमुळे बंदी आली. पत्ते पिसायला असल्या औषधाचा काय उपयोग, ते देव जाणे.

थोडक्यात, न्यायालय एक सांगतं आणि पदकतालिका दुसरंच. आपल्याकडे केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीच्या यादीत बुद्धिबळ, कॅरम आणि ब्रिज तिन्ही बऱ्याच वर्षांपासून आहेत, कबड्डी, खो-खो आणि आट्यापाट्यांच्या शेजारी. कॅरमच्या मारिया इरुदयम यांना १९९६ मध्ये अर्जुन मिळाला. राज्यात मात्र अलीकडे शिवछत्रपती पुरस्काराच्या यादीतून कॅरम, बिलियर्ड्स, गोल्फ हे खेळ वगळले गेले आणि ओरड झाल्यावर परत आले. लक्षात घ्या, त्याच फटक्यात पॉवरलिफ्टिंग आणि शरीरसौष्ठवही बाहेर गेले होते. तीनशे किलो उचलणाराही यादीबाहेर! म्हणजे सरकारी मोजपट्टीसुद्धा घामाची नव्हतीच.

मला विचाराल, तर प्रमाणपत्र तपासणाऱ्या बाबूने तीनच गोष्टी बघाव्यात. स्पर्धा खुली होती का, नियम आणि पंच होते का, आणि समोरचे किती जण हरले. एकाच खेळाच्या अनेक संघटनांपैकी कुठल्याही एकीने काढलेल्या दोन संघांच्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचा कागद, मग तो कितीही दमवणाऱ्या खेळाचा असो, तालुका-जिल्हा गाळून आलेल्या कॅरमच्या कागदापुढे हलकाच मानला पाहिजे. गैरप्रकार तिथे होतात, आणि आपण मात्र कोण बसून खेळलं यावर वाद घालतो.

एक प्रकरण मुद्दाम बाजूला ठेवलं आहे. आपल्या भागात घरटी ज्याची चर्चा होते, त्या बैलगाडा शर्यतीत राबतात ते बैल, आणि फेटा बांधला जातो मालकाला. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत पदक स्वाराच्या गळ्यात पडतं, घोड्याच्या नाही. मग गाडा हाकणाऱ्याला काय म्हणायचं? सर्वोच्च न्यायालयाचा १८ मे २०२३ चा निकाल आणि त्यामागचा राज्याचा कायदा, दोन्ही पुढच्या आठवड्यात घेऊ.