विजेच्या वाटा आणि कामगाराचा जीव



जिनिंगमध्ये एखादा कामगार विजेच्या धक्क्याने दगावला, की 'त्याचे दैव खोटे' असे म्हणून आपण मोकळे होतो. बार्शीटाकळीसारख्या कपाशीच्या मुलखात हे उद्गार आपणांस नवे नाहीत. परंतु देहातून किती वीज वाहिली हा साधा हिशेब आहे, आणि शाळेतला भागाकार येणाऱ्या कोणालाही तो मांडता येतो.

त्यासाठी दोन जर्मन शास्त्रज्ञांचे नियम पुरतात. गेओर्ग ओहम हा कुलुपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा, पेशाने शिक्षक. दाबाला रोधाने भागले म्हणजे प्रवाह निघतो, हे त्याने १८२७ साली सांगितले. दाब व्होल्टमध्ये, रोध ओहममध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. गुस्ताव्ह किर्खहोफने १८४५ साली, विद्यार्थिदशेतच, आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तारांच्या सांध्यात जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर जातो. आणि बंद फेऱ्यात पुरविलेला दाब वाटेतल्या रोधांवर पुरता खर्च होतो. पाटाला दोन चाऱ्या फुटतात तेथे शेतकरी पहिला नियम रोजच पाहतो.

आता उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते धरले आहेत. मोटारीतल्या तारेचे वेष्टन कुजले आणि २३० व्होल्टची वीज ११३ ओहम रोधाच्या वाटेने तिच्या लोखंडी अंगावर उतरली. डीपीचे एक टोक जमिनीत पुरलेले असते, म्हणून ही वीज जमिनीतून तिकडे परत जाऊ पाहते. तिला दोन वाटा आहेत. एक अर्थिंगची तार, रोध २ ओहम. दुसरी, ओल्या हाताने मोटारीला टेकलेला अनवाणी कामगार, रोध सुमारे १००० ओहम.

वाटा शेजारी शेजारी असल्या म्हणजे रोधांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागावे. २००० भागिले १००२, म्हणजे जवळजवळ २. त्यात आधीचे ११३ मिळवले की ११५. २३० भागिले ११५, म्हणून एकूण प्रवाह २ अँपिअर. मोटारीच्या अंगावर दाब उरला २ गुणिले २, म्हणजे ४ व्होल्ट. कामगाराच्या वाट्याला ४ भागिले १०००, म्हणजे अवघे ४ मिलिअँपिअर. झिणझिण्या येतील, पण हात सुटेल.

आता अर्थिंगची तार तुटली असे समजा. वाट एकच उरली. २३० भागिले १११३, म्हणजे सुमारे २०७ मिलिअँपिअर. याच्या निम्मा प्रवाहदेखील हृदयाची लय बिघडवून प्राण घेऊ शकतो.

फ्यूज वाचवील काय? दहा अँपिअरचा फ्यूज पाव अँपिअरला वितळत नाही. तो तारांचा राखणदार आहे. माणसासाठी आरसीसीबी नावाचा खटका मिळतो, तो किर्खहोफच्या पहिल्या नियमावरच चालतो. गेलेला व परतलेला प्रवाह तो ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच क्षणार्धात वीज तोडतो.

म्हणून कामगारांनी मालकाला विचारावे : अर्थिंग किती ओहम भरली? कोणत्या तारखेला मोजली? खटका बसविला आहे काय? हे विचारण्यास इंजिनिअर असावे लागत नाही. आणि हा हिशेब कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. वऱ्हाडचा उन्हाळा तोंडावर आहे, घरोघर कूलर लागतील. त्यांचीही अर्थिंग तपासून घ्या, आणि पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढून ठेवा.