मनगटाला मनगट

"हात नको देऊ, बाय. मनगट दे."

हर्णैच्या वाळूत गुडघाभर पाण्यात उभा असलेला होडीचा तांडेल माझ्या भाचीला सांगत होता. तिनं सवयीनं पंजा पुढे केला होता. त्यानं तो बाजूला सारला, तिचं मनगट धरलं आणि तिची बोटं स्वतःच्या मनगटाभोवती नेऊन ठेवली. ओला पंजा निसटतो. मनगटाला मनगट असलं की एकाची पकड ढिली पडली तरी दुसऱ्याची राहते. हे त्यानं सांगितलं नाही. होडीत चढताना तिचा पाय घसरला आणि ती लोंबकळली, पण पडली नाही, तेव्हा सगळ्यांना आपोआप कळलं.

आम्ही अकरा जण सुवर्णदुर्गावर निघालो होतो. माघ शुद्ध द्वादशी, सकाळचे आठ. किल्ला समोर, इतका जवळ की तटाच्या चिऱ्यांत उगवलेली झाडंही दिसत होती. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हाही आहे. तेव्हापासून पाहुणे आले की पहिली मागणी त्याचीच. पाण्यातून जायचं ते जेमतेम पंधरा मिनिटं, त्यात काळजी कसली, असं सगळे म्हणत होते. मला मात्र आदल्या रात्री रत्नागिरीच्या घरात नीट झोप लागली नव्हती. पुण्याची मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. भाचीचा मुलगा चार वर्षांचा. अकरांत पोहता येणारे तिघं. आणि हा घाट मी घातलेला.

चार दिवस आधी मी तांडेलला फोन केला होता तो भाडं विचारायला. त्यानं भाडं शेवटी सांगितलं. आधी मलाच विचारलं, "किती जण? वयं सांगा. गुडघ्याचं, चक्करेचं कोणाला काय आहे?" मग विचारलं, "कधी येताय?" मी रविवार म्हटलं. त्याला वार नको होता, तिथी हवी होती. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशोब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वादशीचे बारा, त्याची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमाराला पाणी भरलेलं, थोडं मागेपुढे. आठला निघायचं, भरत्या पाण्यात किल्ल्याला लागायचं, साडेदहाच्या आत परत फिरायचं. त्यानंतर पाणी बरंच उतरतं, किल्ल्याच्या पायथ्याचे खडक वर येतात आणि होडी जवळ आणता येत नाही. शिवाय दुपारकडे खारा वारा धरतो. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, किनाऱ्यालगतचं पाणी त्यात गुळगुळीत राहतं. अकरानंतर तेच पाणी पांढरं होऊ लागतं.

त्याच दिवशी दुसऱ्या एका सहल नेणाऱ्यालाही मी फोन केला होता. तो म्हणाला, "केव्हाही या, मॅडम. दिवसभर चालू असतं." स्वरात आदर होता, दर कमी होता. मी पहिल्याकडे गेले, कारण त्यानं मला प्रश्न विचारले होते.

माझं लहानपण रत्नागिरीच्या मांडवीत गेलं. आमच्या पिढीला समुद्रावरून जमिनीवर उतरणं म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागलं नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट जयगड करून रत्नागिरीला यायची, पुढे मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावं आजही साठीपुढच्या कोणालाही विचारा. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. बाकीच्या महिन्यांत ती कोकणची वाट होती. ती वाट तुटली, रस्ते झाले, रेल्वे आली. आगबोट रत्नागिरीला किनाऱ्यापासून आत, खोल पाण्यात उभी राहायची. तिथून किनाऱ्यावर आणायचे ते पडाव.

सात वर्षांची असताना त्या पडावात उतरल्याचं मला अजून आठवतं. संध्याकाळ होती. आगबोटीच्या कुशीत एक दार उघडलं होतं, त्याच्याखाली पडाव वर येत होता, खाली जात होता. वर आला की दाराच्या उंबरठ्याला लागे, खाली गेला की माणसाच्या उंचीइतकी पोकळी पडे आणि तिच्यात काळं पाणी दिसे. आई म्हणाली, "उडी नको मारू, सांगेपर्यंत थांब." दोन खलाशी, एक वर, एक खाली. वरचा लाटेकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. पडाव पूर्ण वर येऊन क्षणभर थबकला तेव्हा त्यानं मला ढकलल्यासारखं पुढे केलं आणि खालच्यानं झेललं. मागून आजी आली, नऊवारीचा काष्टा कसून. मग ट्रंका, हापूसच्या रिकाम्या पेट्या, कोंबड्या. कोणी घाई केली की खलाशी त्याला सर्वांत शेवटी उतरवत. त्या काळी तो आम्हाला खाष्टपणा वाटे. आता मला ते त्यांच्या कामाचं सार वाटतं.

आगबोटीचा प्रवास कित्येक तासांचा, पडावाचा दहा मिनिटांचा. पण जीव मुठीत धरायचा तो त्या दहा मिनिटांत, खरं तर त्या पोकळीत.

आमच्या गल्लीतला एक जण पुढे परदेशी क्रूझवर डेकवर कामाला लागला आणि वीस वर्षांनी निवृत्त होऊन परत आला. त्याच्याकडून कळलं की हजारो प्रवाशांची ती पांढरी शहरंही कित्येक बंदरांत धक्क्याला लागत नाहीत. बंदर उथळ असलं की जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींतून लोकांना किनाऱ्यावर नेतात. "मांडवीचाच पडाव," तो म्हणाला, "फक्त नारिंगी छपराचा." जहाजाच्या कडेला फळी लावलेली, तिच्यावर दोन माणसं, मनगटाला मनगट, आणि पाऊल टाकायचं ते बोट वर आल्यावर. लाट वाढली तर अधिकारी उतरवणं थांबवतो. कधी बंदर समोर दिसत असताना जहाज कोणालाच न उतरवता पुढे निघून जातं. प्रवासी चिडतात, पैसे भरलेले असतात, त्या बंदराचं स्वप्न बाळगून आलेले असतात. "शिव्या खायच्या, पण फळीवर माणूस ठेवायचा नाही," हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

हर्णैच्या वाळूत परत येते. तांडेलनं जॅकेट वाटायला घेतली. मावशीनं ते खांद्यावर शाल टाकावी तसं टाकलं. तांडेलच्या मुलानं समोर बसून तिन्ही पट्टे लावले, कमरेखालून जाणारा पट्टाही ओढून घट्ट केला आणि खांद्याशी धरून जॅकेट वर खेचून पाहिलं. ढिलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं, माणूस खाली राहतो. मग छोट्याची पाळी आली. मोठ्यांचं जॅकेट त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं. लहान जॅकेट एकच होतं आणि त्याचं बक्कल तुटलेलं. भाची म्हणाली, "मी त्याला मांडीवर घट्ट धरीन की."

तांडेल काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. निर्णय त्यानं माझ्यावर टाकला होता.

डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा बऱ्याच प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हती. त्यानंतर महिनाभर घराघरांत जॅकेटची चर्चा झाली. त्या चर्चेला प्रत्यक्षात किंमत कधी द्यावी लागते, तर अशा वेळी. चार वर्षांचं पोर रडत असतं, दोनशे किलोमीटरवरून आलेली आई डोळ्यांनी विनवत असते आणि किल्ला समोर असतो. मी म्हटलं, छोट्या इथेच थांबेल. भाचीचे सासरे त्याच्यासोबत राहिले. तो ओरडून रडला. वाळूवर बैलगाड्या पाण्यात उतरून मचव्यांवरची मासळी आणत होत्या, त्या बघायला सासरे त्याला घेऊन गेले. भाची पंधरा मिनिटं माझ्याशी बोलली नाही.

होडी निघाली. नऊ माणसं, दोन बाजूंना वाटून बसवलेली. कोण कुठे बसणार ते तांडेलनं वजन पाहून ठरवलं. अर्ध्या वाटेवर उजवीकडे डॉल्फिनची पाठ दिसली आणि सगळे उठून उजवीकडे झाले. होडी कलली. "बसा!" असा आवाज आला की मावशी दचकली. तांडेलनं इंजिन बंद केलं, सगळे जागेवर बसेपर्यंत हलला नाही. मग स्वतःच होडी वळवून डॉल्फिन डावीकडच्यांनाही दाखवले.

त्या ओरडण्यामागचा इतिहास कोकणातल्या घरांना पाठ आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' पावसाळी लाटेच्या तडाख्यात कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. त्याच्या वीस वर्षं आधी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. माझी आजी बोटीत बसल्यावर उठत नसे. कोणी कितीही हाका मारल्या तरी.

किल्ल्याला लागणं हे सगळ्यांत अवघड काम. महाद्वाराच्या बाजूला, पूर्वेला, दगड आणि वाळूचा एक लहान पट्टा आहे. तांडेल थेट त्याच्यावर गेला नाही. वीसेक हातांवर थांबून त्यानं लाटा पाहिल्या. एक, दोन, तीन मोठ्या येऊ दिल्या, मागून लहान लाटांचा टप्पा आल्यावर निघाला. मुलानं मागून नांगर सोडला आणि दोर हातात धरून ठेवला. या दोरामुळे होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, किनाऱ्याकडेच राहते, होडी लाटेला आडवी पडत नाही. आडवी पडली की पुढची लाट तिला उलटवते. पुढे तांडेल छातीभर पाण्यात उतरला.

माझा भाचेजावई मदतीला म्हणून आधीच उडी मारून होडी आणि किनारा यांच्यामध्ये उभा राहिला. तांडेलनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. पुढच्याच क्षणी लाटेनं होडी हातभर पुढे रेटली. तो उभा होता तिथे आता नाळ होती. होडीच्या बाजूला उभं राहायचं, तिच्या आणि जमिनीच्या मध्ये कधीच नाही, हे किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला चालायला येतं तसं येतं. पुण्याच्या अभियंत्याला कुठून यावं? त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यात त्याची चूक मी मानत नाही. त्याला ते आधी सांगणं आमचं काम होतं.

मावशी होडीतच बसली. उतरायचं नाही हे तिनं स्वतःच, पाण्याकडे दोन मिनिटं पाहून ठरवलं. मुलगा तिच्यासोबत होडी घेऊन खोल पाण्यात जाऊन थांबला. तिनं किल्ला बाहेरून पाहिला, तो तटाच्या संपूर्ण लांबीत, जसा तो आतून कधीच दिसत नाही. आम्ही पायरीवर कोरलेलं कासव पाहिलं, भिंतीतला मारुती पाहिला, आत झुडपांतून वाट काढत टाक्यांपर्यंत गेलो. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं पेशव्यांच्या साथीनं हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला. त्याची जहाजं जिथून मारा करत होती ते पाणी तटावरून दिसतं.

पावणेदहाला खालून शीळ आली. ठरलं होतं साडेदहा. समुद्राच्या बाजूचा चोरदरवाजा पाहायचा राहिला होता. भाचेजावई म्हणाला, "पाऊण तास आहे अजून, पैसे पूर्ण दिलेत." मी तटावरून पश्चिमेला पाहिलं. मला पाणी सपाटच दिसलं. पण दूरवर एक गडद रेघ होती, आणि तांडेल तिच्याकडे पाहत होता.

मला त्या वेळी न्यूझीलंडचं व्हाकारी बेट आठवलं. ९ डिसेंबर २०१९. त्या ज्वालामुखीच्या बेटावर ४७ माणसं होती, त्यांतली ३८ एका क्रूझवरून सहलीला आलेली. उद्रेक झाला, २२ जण गेले. तीन आठवडे आधीच ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी एकवरून दोनवर नेलेली होती आणि तरी सहली चालू होत्या. त्या ३८ जणांनी बेपर्वाई केली नव्हती. मोठ्या जहाजाच्या यादीत ती सहल होती, म्हणजे कोणीतरी तपासलं असणार, असं त्यांनी धरलं. मीही तेच धरलं असतं. आज, या घडीला, तिथे काय चाललं आहे ते कोण बघतं आहे, आणि तो नको म्हणाला तर त्याचं ऐकलं जातं का, हे दोन प्रश्न मला त्या दिवसापासून छापील यादीपेक्षा मोठे वाटतात.

"चला," मी म्हटलं. "शीळ झाली."

कुरकुर झाली. होडीत चढताना पाणी, आम्ही किल्ल्यावर उतरलो तेव्हापेक्षा, जास्त हलत होतं. एकेकाला थांबवत, लाटेचा टप्पा बघत, तांडेलनं सगळ्यांना वर घेतलं आणि बोटानं मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. परतीच्या निम्म्या वाटेवर खारा वारा धरला. नाळेवरून पाणी अंगावर येऊ लागलं, मावशीनं डोळे मिटून जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. हर्णैच्या वाळूला लागलो तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि किल्ल्याभोवती पांढरी किनार उठली होती.

भाचेजावयानं तांडेलला ठरल्याहून दोनशे रुपये जास्त दिले. त्यानं ते घेतले नाहीत, चोरदरवाजा राहिला म्हणाला. मग छोट्याला उचलून त्यानं विचारलं, "याचं वजन किती?"

"सोळा किलो," भाची म्हणाली.

दहा दिवसांनी त्याचा फोन आला. लहान जॅकेट आणलं होतं, सोळा किलोचं. "दशमीला या. साडेसातला भरती आहे. सातला वाळूवर. वारा असला तर मी सहाला फोन करीन, मग निघू नका."