आधी अभ्यास, मग निर्णय

सोसायटीची असो की कार्यालयाची, बैठक बहुधा एकाच जागी फसते. प्रश्न नीट उमगण्याआधीच मत मागितले जाते. हात वर होतात, ठराव मंजूर होतो आणि ज्यांचे हात खाली राहिले ते अंमलबजावणीच्या वेळी अंग काढून घेतात. यावरची वाट गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने दाखवली आहे.

मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. ही कठीण अट पेलते ती अभ्यासगटामुळे. ज्याला रस असेल तो अभ्यासगटात येतो. जाणकारांना बोलावून माहिती घेतली जाते, शंका विचारल्या जातात. पण निर्णय होत नाही, तो ग्रामसभेचाच. हार-जीत पणाला नसल्याने माणसे मोकळी बोलतात आणि मत बदलण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत ही रीत जोपासली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. अभ्यासगटात कायदे समजून घेतल्याने गावाला हे हक्क ठामपणे मागता आले.

ही रीत आपल्याकडेही रुजू शकते. चर्चेची आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवा, मध्ये काही दिवस जाऊ द्या. विषय प्रश्नाच्या रूपात मांडा: ‘पाणी’ एवढेच नको, ‘उन्हाळ्यात टँकरचा खर्च का वाढतो?’ असे विचारा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटे द्या. एरवी गप्प बसणाऱ्यांपासून सुरुवात करा, अध्यक्षांनी शेवटी बोलावे. फळ्यावर माहिती एकीकडे आणि अंदाज दुसरीकडे लिहा. निर्णयाच्या दिवशी विरोध करणाऱ्याला ‘काय बदलले तर तुम्हाला चालेल?’ असे जरूर विचारा. उठण्यापूर्वी कोण, काय, कधीपर्यंत करणार हे इतिवृत्तात नोंदवा.

फुटलेल्या पाइपसाठी अभ्यासगट नको. तिथे सचिवाने प्लंबर बोलवावा. सोसायटीला नियमानुसार मतदानही घ्यावे लागेल. पण वर्षानुवर्षे परत परत डोके वर काढणाऱ्या प्रश्नाला ही सवड द्यायलाच हवी. बैठकीत गेलेला वेळ दिसतो म्हणून खुपतो. अर्धवट पटलेल्या ठरावामागे वाया जाणारे महिने मात्र कुणी मोजत नाही.