नाताळची दगदग : घरातील प्रथांचा फेरविचार

ख्रिस्तजयंतीचा सण जवळ येऊ लागला की वाडीवाडीतून आकाशकंदील लागतात, गोठ्यासाठी गवत-माती जमविली जाते, तरुण मंडळी कॅरलच्या तालमींना लागतात आणि घरोघरच्या स्वयंपाकघरांत मैदा, रवा आणि साखर यांचे हिशेब सुरू होतात. ह्या लगबगीत आनंद आहे, ह्याविषयी दुमत नाही. परंतु सण उलटून गेल्यावर एखाद्या गृहिणीला ‘नाताळ कसा झाला?’ असे विचारले, तर ‘झाला एकदाचा!’ हे उत्तर आमच्या कानी वारंवार येते. प्रभूच्या जन्माचा सण ज्या घरात ‘एकदाचा’ पार पडतो, तेथे काहीतरी बिघडले आहे, असे आम्हांस वाटते. हा बिघाड भक्तीच्या अभावामुळे झाला आहे असे मात्र नव्हे. त्याची कारणे बरीच साधी आहेत आणि ती समजून घेतल्यास त्यावर उपायही सापडतो.

आपल्या नाताळच्या बहुतेक प्रथा शेतीवर जगणाऱ्या एकत्र कुटुंबात आकारास आल्या. वसईकडील गावांचेच उदाहरण घ्यावे. डिसेंबरपर्यंत भाताची कापणी, झोडणी आटोपलेली असे. घरात सासूबाई, दोन-तीन जावा, अविवाहित नणंदा आणि एखादी आत्या असा पाच-सहा बायकांचा राबता असे. आज एका घरी करंज्या, उद्या शेजारच्या घरी, असा क्रम लागे. पोळपाटाभोवती बसून गप्पा, थट्टामस्करी आणि जपमाळ हे सारे चालत असे. काम पुष्कळ होते, परंतु ते वाटलेले होते आणि त्या कामाच्या निमित्ताने माणसे एकत्र येत होती.

आज ते घर राहिलेले नाही. पती-पत्नी दोघेही नोकरीस जातात. २४ डिसेंबर हा बहुतेक कार्यालयांत कामाचाच दिवस असतो. सायंकाळी चर्चगेटहून विरारकडे येणाऱ्या लोकलच्या गर्दीतून उभ्याने प्रवास करून घरी परतलेली स्त्री पदर खोचून तळणीला बसते, मुलांचे कपडे इस्त्री करते, दुसऱ्या दिवशीच्या मटणाचे वाटण काढते आणि रात्री मिस्सेला धावत जाते. प्रवचन सुरू असताना तिचे डोळे मिटू लागले, तर त्यात तिचा दोष तो काय? पाच-सहा जोड्या हातांचे काम एका जोडीवर आले, आणि पदार्थांची संख्या मात्र तीच राहिली, किंबहुना केक, चॉकलेटे व रोषणाई यांची त्यात भरच पडली. दगदगीचे मूळ येथे आहे.

मग प्रथा बदलाव्यात काय? हा प्रश्न निघाला की घरातील ज्येष्ठ मंडळी व्यथित होतात. ‘आमच्या वाडवडिलांपासून चालत आले आहे’ हा त्यांचा युक्तिवाद केवळ हट्टाचा नसतो. त्यामागे गेलेल्या माणसांच्या आठवणी असतात. त्या आठवणींचा मान राखूनही एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. श्रद्धेची परंपरा वेगळी आणि सणाची रीतभात वेगळी. शब्द देही झाला व त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, ही श्रद्धा अढळ आहे. रात्री किती वाजता जेवावे आणि ताटात किती पदार्थ असावेत, हे मात्र त्या श्रद्धेत कोठेही सांगितलेले नाही.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच्या जेवणाचेच पाहावे. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार नाताळच्या आदल्या दिवशी उपवास व मांसवर्ज्य पाळावयाचे असे. दिवसभर असा संयम पाळून मिस्सेहून परतलेल्या कुटुंबाला त्या भरपेट जेवणाचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. पुढे १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम शिथिल केले आणि नाताळच्या आदल्या दिवसाचे ते बंधन उरले नाही. उपवास गेला, जेवण मात्र राहिले. आता आपण सायंकाळी फराळ करतो, रात्री पुन्हा जेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांसह तिसऱ्यांदा ताटावर बसतो. ज्या कारणाने ही प्रथा शोभून दिसत होती, ते कारणच राहिले नसेल, तर मिस्सेनंतर वाटीभर पेज किंवा कपभर चहा-केक घेऊन कुटुंब झोपी गेले म्हणून काही बिघडत नाही.

मिस्सेच्या वेळेविषयीही असाच गैरसमज आढळतो. ‘मध्यरात्रीची मिस्सा म्हणजेच खरी नाताळची मिस्सा’ असे मानणारे भाविक पुष्कळ आहेत. वस्तुतः रोमन उपासनाविधीत ख्रिस्तजयंतीसाठी चार मिस्सा नेमलेल्या आहेत : आदल्या सायंकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीची प्रार्थना आणि वाचने निराळी आहेत. रात्रीच्या मिस्सेत देवदूतांचा संदेश ऐकू येतो, पहाटेच्या मिस्सेत मेंढपाळ गव्हाणीकडे जातात आणि दिवसाच्या मिस्सेत संत योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला जातो. यांपैकी कोणत्याही मिस्सेत सहभागी झाल्याने सणाचे कर्तव्य पूर्ण होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदी आलेले संत ग्रेगरी यांनी नाताळच्या एका प्रवचनात, आज तीन मिस्सा करावयाच्या असल्यामुळे फार वेळ बोलता येणार नाही, असे श्रोत्यांना सांगितले होते. नाताळच्या दिवशी वेळ अपुरा पडणे ही काही आजचीच तक्रार नाही!

शिवाय ख्रिस्तसभेने स्वतःच ह्या वेळा वेळोवेळी बदलल्या आहेत. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली सेंट पीटर महामंदिरातील रात्रीची मिस्सा दहा वाजता घेतली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत इटलीतील रात्रीच्या संचारबंदीमुळे पोप फ्रान्सिस यांनी ती सायंकाळी साडेसात वाजता अर्पण केली. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालचे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा निर्णय यांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर निर्बंध आले. शासनास वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येत असली, तरी मैदानात मिस्सा होणाऱ्या अनेक धर्मग्रामांनी वेळ अलीकडे आणली. सुरुवातीस कुरकुर झाली. पुढे लहान मुले आणि गुडघेदुखीने त्रस्त झालेले आजी-आजोबा ह्या मिस्सेला येऊ शकतात, हे अनेकांच्या लक्षात आले. आखाती देशांत नोकरी करणारे आपले बांधव तर ह्याहून मोठा बदल अंगवळणी पाडून घेतात. तेथील अनेक देशांत साप्ताहिक सुटी शुक्रवारी असल्यामुळे रविवारच्या उपासनेसाठी भाविक शुक्रवारी जमतात आणि २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असल्यास नाताळचे जेवण सुटीच्या दिवशी होते. त्यांचा नाताळ कमी प्रतीचा असतो, असे कोणी म्हणणार नाही.

आमच्या मते सर्वांत मोठी चूक आणखी वेगळीच आहे. ख्रिस्तसभेने नाताळ हा एक दिवस म्हणून दिलेलाच नाही. २५ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत नाताळचा अष्टाह असतो, म्हणजे एकच सण आठ दिवस साजरा होतो. २६ रोजी संत स्टीफन, २७ रोजी संत योहान, २८ रोजी निष्पाप बालके यांचे स्मरण होते. अष्टाहातील रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो आणि नाताळच रविवारी आला तर तो सण ३० डिसेंबरला पाळतात. १ जानेवारी हा देवमाता मरियेचा सण. त्यानंतर प्रभूच्या प्रकटीकरणाचा, म्हणजे आपल्या बोलीतील तीन राजांचा सण येतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळकाळ संपतो. आपण मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासूनच नाताळच्या मेजवान्या झोडू लागतो, २५ तारखेला सारे काही कोंबतो आणि २६ ला ऊर फुटेस्तोवर थकून कामावर जातो. ज्या आगमनकाळात शांतपणे वाट पाहावयाची, तो धावपळीत जातो आणि ज्या दिवसांत आनंद करावयाचा, त्या दिवसांत आकाशकंदील तेवढा लोंबकळत राहतो.

ही दिनदर्शिका हाताशी धरली तर घरातील पुष्कळ ओझे सहज वाटून टाकता येते. २५ तारखेला केवळ मिस्सा, गव्हाणीपुढील प्रार्थना आणि घरच्यांचे साधे जेवण ठेवावे. शेजारच्या हिंदू, मुस्लिम बांधवांकडे फराळाची ताटे पोहोचविण्याची आपली सुंदर रीत आहे, तशीच मंगळूरकडे कुस्वार आणि गोव्याकडे कोंसुवाद देण्याची. ती २६ पासून नववर्षापर्यंत कोणत्याही संध्याकाळी पाळता येते. उलट त्या वेळी दारात उभ्याउभ्या ताट न देता घटकाभर बसून बोलणे होते. सूनबाईच्या माहेरचा प्रश्न तर वर्षानुवर्षे मनात सलत असतो. पहिल्या दिवशी सासरी राबून संध्याकाळी दमूनभागून माहेरी धावण्यापेक्षा पवित्र कुटुंबाचा सण माहेरच्या भेटीसाठी राखून ठेवावा, आणि एका वर्षी क्रम उलटाही करावा. मुलांच्या भेटवस्तू तीन राजांच्या सणासाठी ठेवता येतील. स्पेनमध्ये मुले ६ जानेवारीला भेटींची वाट पाहतात. गोव्यात रेइस मागोस, कासावली आणि चांदोर येथे हा सण किती थाटाने होतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेही असेल.

फराळाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. आठ पदार्थ एकटीने करण्यापेक्षा दोन पदार्थ सर्वांनी मिळून करावेत. उरलेले हवे असल्यास गावातील महिला बचत गटाकडून विकत घ्यावेत, त्यात कमीपणा नाही, आणि एखाद्या भगिनीच्या संसाराला हातभारही लागतो. परंतु ‘सर्वांनी मिळून’ ह्या शब्दांत पुरुषांचाही समावेश आहे. मार्था आणि मरिया ह्या बहिणींचा प्रसंग (लूक १०:३८-४२) सांगून स्त्रियांना ‘फार धावपळ करू नका’ असा उपदेश करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मार्थेची तक्रार मात्र नीट ऐकली जात नाही. कामात आपल्याला एकटीला टाकले आहे, असे ती म्हणत होती. आजच्या मार्थेला उपदेश करण्यापूर्वी तिच्या हातातील झारा कोणीतरी घ्यावयास हवा. कुलकुल वळावयास दहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात शिकविता येते, आणि बापालाही.

खर्च आणि मद्यपान ह्या दोन गोष्टींविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या सर्वांना ठाऊक आहेत. हप्त्यांवर केलेली सजावट फेब्रुवारीत भांडणे आणते, आणि पाहुण्यांच्या निमित्ताने आलेल्या बाटलीमुळे कित्येक घरांत २५ ची रात्र स्त्रिया व मुले भीतीने काढतात. दगदग कमी करावयाची म्हणजे केवळ पदार्थ कमी करावयाचे, असे नव्हे. ज्या घरात हे दुःख आहे तेथे आधी त्या बाटलीचा विचार झाला पाहिजे. गोठ्यांच्या स्पर्धेविषयीही एवढेच सुचवावेसे वाटते की, १२२३ साली ग्रेचिओ येथे संत फ्रान्सिस असिसीकर यांनी उभारलेल्या गव्हाणीत गवत, एक बैल आणि एक गाढव एवढेच होते.

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला आहे, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे जुन्या प्रथा तशाच चालविणे असह्य होते आणि पूर्णपणे बंद ठेवणेही जीवघेणे ठरते. अनेक गावांत अशा घरी शेजारीपाजारी फराळ नेऊन देतात. त्याबरोबर एखाद्याने २५ च्या दुपारी तेथे जाऊन बसावे, गेलेल्या माणसाचे नाव मोकळेपणाने घ्यावे. त्या घरातील आजीने तिसऱ्यांदा तीच आठवण सांगितली तरी ऐकावी.

राहिला प्रश्न हे सारे ठरवावयाचे केव्हा आणि कसे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, सायंकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर, सर्वांनी अर्धा तास बसावे. ‘कोणती एक गोष्ट नसेल तर तुम्हांला नाताळ वाटणार नाही?’ असे प्रत्येकाला विचारावे, आणि आजी-आजोबांना सर्वांत आधी. उत्तरे ऐकून आश्चर्य वाटते. आमच्या परिचयाच्या एका घरात सून दरवर्षी सासूबाईंसाठी म्हणून पहाटेपर्यंत जागून करंज्या करीत असे. विचारल्यावर सासूबाईंना केवळ गव्हाणीपुढे सर्वांनी मिळून म्हटलेली जपमाळ हवी होती असे निघाले. करंज्या त्यांना दातांमुळे कित्येक वर्षे खाताच येत नव्हत्या. प्रत्येकाने सांगितलेली एकेक गोष्ट जपावी, बाकीच्यांपैकी ह्या वर्षी एक वा दोनच बदलाव्यात आणि कामे नावानिशी वाटून घ्यावीत. ही बैठक पुढे मात्र ढकलू नये. २० डिसेंबरला घेतलेला निर्णय कोणालाच पाळता येत नाही, कारण तोवर मैदा भिजवून झालेला असतो.