रात्रीचा घाम : उकाडा की आजार?

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा रात्री घाम येणे स्वाभाविकच. मात्र ऐन थंडीतही अंगावरचे कपडे व चादर भिजत असेल, तर दुर्लक्ष करू नये.

सायंकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आणि घटते वजन यांची जोड असल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी करावी. शासकीय रुग्णालयांत ती विनामूल्य होते. मानेत वा काखेत गाठ आढळल्यासही विलंब नको. रजोनिवृत्ती, थायरॉईड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, नैराश्यावरील काही औषधे हीदेखील कारणे असू शकतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना रात्री घाम फुटल्यास रक्तातील साखर तत्काळ तपासावी. ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास, रुग्ण शुद्धीवर असताना साखरेचे पाणी द्यावे.

धंतोलीत पावलोपावली रुग्णालये आहेत. त्यामुळेच कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, हा प्रश्न पडतो. आधी नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. घामाची वेळ, ताप, वजन व सुरू असलेली औषधे यांची नोंद सोबत न्यावी. सैल सुती कपडे घातल्याने आणि रात्री मद्य, तिखट टाळल्याने आराम पडतो; कारण मात्र शोधावेच लागते.