एका दिव्याची उघडझाप

कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी किती घ्यावयाचे, ते केव्हा सोडून द्यावयाचे आणि पिंप केव्हा वेगाने फिरवावयाचे, हे सारे नखाएवढी एक चिप ठरवीत असते. तिला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्म नियंत्रक, असे म्हणतात. आकडेमोड करणारा भाग, आज्ञावली जतन करणारी स्मृती आणि बाहेरच्या तारांशी जोडली जाणारी टोके या तिन्ही गोष्टी सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर सामावलेल्या असतात, हे तिचे वैशिष्ट्य होय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने असा नियंत्रक १९७४ साली बाजारात आणला. इंटेल कंपनीचा ८०५१ हा नियंत्रक १९८० साली आला आणि भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्यावरच पहिले धडे गिरविले.

घरच्या टेबलावर प्रयोग करू पाहणाऱ्या हौशी माणसापासून मात्र ही विद्या बराच काळ दूर होती. त्या काळच्या अनेक चिपांच्या पाठीवर काचेची लहानशी खिडकी असे. जुनी आज्ञावली पुसण्यासाठी त्या खिडकीतून काही मिनिटे अतिनील किरण सोडावे लागत. एक चूक सुधारावयाची म्हणजे एवढा खटाटोप. विजेच्या साहाय्याने क्षणात पुसता येणारी फ्लॅश स्मृती १९९० च्या दशकात नियंत्रकांत आली आणि चूक करणे स्वस्त झाले. हौशी अभ्यासकाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, कारण जो वारंवार चुकू शकतो तोच शिकू शकतो.

भाषेचा प्रश्न सी भाषेने सोडविला. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती घडविली. यंत्राच्या इतक्या जवळ राहूनही माणसाला वाचता येईल अशी भाषा विरळाच. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील आल्फ-एगिल बोगेन आणि व्हेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून एव्हीआर नावाचे नियंत्रकांचे कुल जन्मले. त्याची रचना करतानाच सी भाषेचे कंपायलर लिहिणाऱ्यांचा सल्ला घेण्यात आला होता. पुढे २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी आर्डुइनो हा फलक तयार झाला. त्यावर याच कुलातील चिप बसविलेली होती. त्याच्या तयार आज्ञांमुळे नवख्यालाही तासाभरात दिवा लावता येऊ लागला. तथापि तयार आज्ञेच्या आड काय घडते हे जाणून घ्यावयाचे असेल, तर एक पायरी खाली उतरून सी भाषेत थेट चिपशी बोलावे लागते.

एटीमेगा ३२८पी या अठ्ठावीस पायांच्या चिपचे उदाहरण घेऊ. तिच्या एकोणिसाव्या पायाला एक रोधक आणि एक एलईडी दिवा जोडला आहे. या पायाचा कारभार दोन रजिस्टरांकडे असतो. प्रत्येक रजिस्टर म्हणजे जणू भिंतीवरील आठ बटणांचा फलक. पहिल्या फलकावर पायाची दिशा ठरते, म्हणजे वीज त्यातून बाहेर द्यावयाची की बाहेरचा संकेत आत घ्यावयाचा. दुसऱ्यावर तो चालू की बंद हे ठरते. इतर सात बटणांना धक्का न लावता हवे तेवढे एकच बटण दाबण्याची सोय सी भाषेत आहे. ती आत्मसात झाली की निम्मे काम झाले.

नवखा विद्यार्थी बहुधा दिशा ठरविण्यास विसरतो. दिवा तेव्हा पूर्णपणे विझलेला नसतो. तो अगदी मंद मिणमिणतो. कारण अशा वेळी चिपमधील मोठ्या रोधकातून विजेचा एक क्षीण ओघळ त्याच्यापर्यंत पोहोचत असतो. दिशेची आज्ञा लिहिली की दिवा लख्ख पेटतो. मग उघडझाप करावयास सांगावे, तर तो पुन्हा किंचित मंद, पण अखंड जळताना दिसतो. चिप सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांनी चालत असते आणि मानवी डोळा त्या वेगाला पुरा पडत नाही. प्रत्येक आज्ञेनंतर मुद्दाम थांबावे लागते, हा दुसरा धडा.

तिसरा धडा अधिक कठोर आहे. झाडांना ठराविक वेळाने पाणी देणारे यंत्र कोणी बनविले आणि उलटलेला वेळ सहस्रांश सेकंदांत एका साध्या पूर्णांकात मोजला, असे समजू. तीच आज्ञावली मोठ्या संगणकावर कित्येक दिवस बिनचूक चालते. या चिपवर मात्र साधा पूर्णांक सोळा बिटांचाच असतो आणि त्यात ३२,७६७ पलीकडची संख्या मावत नाही. म्हणजे तेहतीस सेकंद पुरे होण्यापूर्वीच हिशेब बिघडतो आणि सामान्यतः संख्या एकाएकी ऋण होते. कंपायलर तक्रार करीत नाही; झाडे मात्र सुकतात. तोच वेळ बत्तीस बिटांच्या चिन्हरहित संख्येत मोजला, तर ती एकोणपन्नास दिवसांहून अधिक काळ पुरते.

बदलत्या संख्या ठेवण्यासाठी या चिपजवळ अवघे २,०४८ बाइट असतात. त्यांत अशा पुस्तकाचे अर्धे पानही मावणार नाही. म्हणून प्रत्येक संख्या कोठे राहते, किती जागा घेते आणि कोठवर वाढू शकते, याचा विचार विद्यार्थ्याला स्वतःच करावा लागतो. दिवा पेटला नाही तर दोष तारेत आहे, आज्ञावलीत आहे की आपल्या समजुतीत आहे, हे त्याला एकेक शक्यता पडताळून शोधावे लागते. चिपपाशी दया नसते, तसा आकसही नसतो. सांगितले तेवढेच ती करते. आपण नेमके काय सांगितले होते, हे जो शांतपणे पुन्हा वाचून पाहतो, त्याचा दिवा अखेर उघडझाप करू लागतो.