फसवणारा कोठे गेला?

गेल्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातील केंदूर येथे आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर भरले होते. संत कान्होराज महाराज पाठक यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव. विद्यार्थी घरोघर जाऊन बचत आणि कर्ज यांविषयीची प्रश्नावली भरून घेत होते. एका वृद्ध शेतकऱ्याने, आपली अनेक वर्षांची शिल्लक एका 'दामदुप्पट' योजनेत बुडाल्याचे सांगितले. पैसे गोळा करून नेणारा सोयऱ्यांतलाच होता. "तात्या, तुम्हांला कोणी फसवलं म्हणून लिहू?" असे विद्यार्थ्याने विचारताच म्हातारा म्हणाला, "कुणी नाही रे बाबा, मीच फसलो." आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वळून, "सर, हे कागदावर नका घेऊ," अशी विनंती त्याने केली.

'फसवले' आणि 'फसलो' यांत व्याकरणाच्या दृष्टीने फरक लहान आहे. पण त्या लहानशा फरकात एक माणूस वाक्यातून साफ नाहीसा होतो. आपल्या नित्याच्या शब्दसंपत्तीकडे पाहिले, तर हे अपवादाने घडत नाही, असे वाचकांच्या ध्यानात येईल. माणूस भुलतो, बहकतो, नादी लागतो, आहारी जातो, गळाला लागतो. वर्तमानपत्रातील बातमीतही तो 'आमिषाला बळी पडतो'. या सर्व वाक्यांत कर्ता एकच, आणि तो ठकलेला मनुष्य. रात्री रानात वाट चुकून माणूस त्याच त्या जागी फिरत राहिला, की खेड्यात 'चकवा लागला' म्हणतात. तेथे निदान दोष भुताकडे तरी जातो. व्यवहारातल्या चकव्यात तो दोष वाटसरूच्याच पदरी पडतो.

अर्थात या बाबतीत इंग्रजी भाषा आपल्याहून फार शहाणी होती, असे नाही. माणसाला वाटेवरून ढळवण्यासाठी तिने वापरलेले बहुतेक शब्द शिकारीचे, खेळाचे किंवा आंधळेपणाचे आहेत. 'डिसीव्ह' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ पकडणे असा आहे. 'डिल्यूड'च्या मुळाशी खेळणे आहे. 'इन्व्हेगल' हा शब्द आंधळे करणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला. आपणही डोळ्यांत धूळ फेकतो, खेळवतो आणि जाळ्यात ओढतोच. 'ल्यूअर' म्हणजे मूळचा ससाण्याला परत बोलावण्यासाठी हवेत फिरवलेला पिसांचा झुबका. तर आपले 'आमिष' म्हणजे संस्कृतात चक्क मांस. 'सामिष भोजन' म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. 'सिड्यूस' या शब्दाची कहाणी विशेष उद्बोधक आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बाजूला नेणे. पंधराव्या शतकातील इंग्रजीत तो एखाद्याला आपल्या धन्याच्या निष्ठेपासून फोडण्यासाठी वापरला जाई. सोळाव्या शतकात तो स्त्रीच्या शीलाशी येऊन चिकटला, आणि मग वाट चुकवणाऱ्यापेक्षा वाट चुकलेलीचीच चर्चा अधिक होऊ लागली.

फसवणाऱ्याला नेमके नाव मिळाले ते १८४९ साली, न्यूयॉर्क शहरात. विल्यम थॉम्प्सन नावाचा एक सभ्य वेषातील गृहस्थ रस्त्यात अनोळखी माणसाशी ओळख काढी, आणि उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्यापाशी ठेवण्याइतका विश्वास तुम्हांला माझ्याविषयी वाटतो का, असे विचारी. विश्वास वाटे, आणि घड्याळ जाई. त्याला अटक झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले. मूर्खपणा, हाव किंवा भोळेपणा हे शब्द येथे नाहीत. चोरीचे हत्यार म्हणजे समोरच्याचा विश्वास, हे या नावाने उघड केले.

आपल्या 'ठग' शब्दाचे इंग्रजीत काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. त्याचे नाते संस्कृतातील 'स्थग' या, लपवाछपवी सुचवणाऱ्या शब्दाशी आहे. ठगाचे वैशिष्ट्य आधी विश्वास संपादन करण्यात होते. कंपनी सरकारने १८३६ साली ठगीविरुद्ध कायदा केला, आणि हा शब्द इंग्रजीत गेला. पण आज तेथे त्याचा अर्थ केवळ दांडगा गुंड असा उरला आहे. कपट गळाले, दांडगाई राहिली. आपल्याकडे याच्या उलट अन्याय घडला. 'भामटा' हे एका जमातीचे नावही आहे आणि लबाडासाठीची शिवीही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची पद्धत देशात सुरू झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिवी राहिली. खिसा कापणाऱ्याला भाषेने जात चिकटवली. कागद करून शेत घेणाऱ्याला मात्र ती 'सावकार' असे आदराने संबोधीत राहिली.

या शेवटच्या गोष्टीचा इतिहास केंदूरच्याच तालुक्यात घडला आहे. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या डिसेंबरात, १५० रुपयांच्या कर्जापोटी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे दंगा उसळला, आणि पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अनेक गावांत तो पसरला. दुकाने लुटली गेली हे खरे. परंतु जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. त्यांना हवे होते ते रोखे, खतपत्रे आणि हुकूमनामे. ते हाती लागले, की जाळले जात. ज्याला वाचता येत नव्हते, त्याने आपली फसवणूक कोठे राहते हे अचूक ओळखले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. या कायद्याचे दोष पुष्कळ दाखवता येतील. पण त्यातील एक तत्त्व माझ्या मते क्रांतिकारक होते. तोवर न्यायालय शेतकऱ्याला एवढेच विचारी, की या कागदावर निशाणी तुझीच ना? आता त्याला कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासता येऊ लागला: मुळात किती दिले, किती फिटले, व्याजाचे मुद्दल कसे झाले? शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत, अशीही तरतूद झाली. म्हणजे 'तू का फसलास' या प्रश्नाची जागा 'त्याने काय केले' या प्रश्नाने घेतली. वाक्यातला कर्ता बदलला.

भारतीय दंड संहितेच्या ४२० व्या कलमानेही तेच केले होते. त्या कलमात गुन्हेगार आहे तो ठकवणारा. ठकलेल्याची अक्कल तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. म्हणूनच 'चारसोबीस' हा आकडा लोकभाषेत थेट माणसाला चिकटला. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली. शब्द मात्र अजून हललेला नाही. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आहे. पण या सर्व कायद्यांना आधी एक तक्रारदार लागतो, आणि तक्रारदार होण्यासाठी 'मला फसवले' असे म्हणावे लागते.

फसलेल्याची लाज हेच ठकाचे खरे भांडवल आहे. त्यावर त्याला व्याज द्यावे लागत नाही, आणि ते दर वर्षी वाढते. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसेल, तर खोटा माल खऱ्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. लबाडीची किंमत केवळ फसलेल्याने गमावलेल्या पैशाइतकी नसते. जे प्रामाणिक व्यवहार भीतीपोटी होतच नाहीत, त्यांचीही तीत भर असते. शिक्रापूर-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यामुळे या तालुक्यात जमिनीचा आणि पगाराचा पैसा आला. तो कोठे ठेवावा हे ज्याला कळत नाही, तो अनुभवी शेजाऱ्याकडे पाहतो. आणि शेजारी लाजेने गप्प असतो.

'दामदुप्पट' हा शब्दच पाहा. धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता: धनकोने एका वेळी मुद्दलाच्या दुपटीहून अधिक वसूल करू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. जी गरिबाची ढाल होती, तीच आज त्याच्यापुढे गळ म्हणून टाकली जाते.

येथे स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्या प्रस्तुत लेखकानेही एका सहकाऱ्याच्या भरवशावर अशाच एका योजनेत पैसे ठेवले होते. ते परत आले नाहीत. दोन वर्षे ही गोष्ट मी घरी बोललो नाही, आणि वर्गात ॲकरलॉफ शिकवत राहिलो. केंदूरला तात्यांनी "कागदावर नका घेऊ" म्हटले, तेव्हा मी मुकाट्याने विद्यार्थ्याला पान कोरे ठेवायला सांगितले. तात्यांची विनंती मोडायची नव्हती, हे खरे. पण माझेही असेच झाले आहे, एवढे त्यांना सांगण्यास कोणाची आडकाठी होती?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लपवली, तर मागच्याला शहाणपण यावे कोठून? येत्या शिबिरासाठी प्रश्नावली नव्याने छापायची आहे. तीत 'आपण कधी फसलात काय?' हा प्रश्न काढून 'आपणांस कोणी फसवले काय?' असा घालावा, असे मी सुचवले आहे. आणि पहिला अर्ज मी स्वतः भरून देणार आहे.